काल मी वकील नव्हतो

सांगू नये असाच किस्सा आहे, पण तुम्ही वकील मंडळींनी एवढा आल्याचा चहा पाजलात, आता जीभ कुठवर आवरून धरू? वकिलाला आयुष्यात काय काय सिद्ध करावं लागतं हो! कुणाची जमीन, कुणाचं लग्न, कुणाचं वय. मला मात्र एकदा भर कोर्टात हे सिद्ध करायची पाळी आली की मी वकील आहे. आणि माझ्याविरुद्ध साक्षीदार कोण? मीच!

हसू नका. आधी ऐकून तर घ्या.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नागपूरहून कायद्याची परीक्षा पास होऊन मेहकरला नुकती वकिली सुरू केली होती. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत संसार. पक्षकार आला की बायको मधला पडदा ओढायची. पडदा फारसा ओढावा लागत नसे, हा भाग वेगळा.

माझ्या सासऱ्यांना याची भारी काळजी. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. जानेफळचे मोठे शेतकरी, मिशीला पीळ, आवाज असा की बैलही दचकावा. एका बाजारच्या दिवशी ते बैलगाडी घेऊन आले. गाडीत काय? ज्वारी नाही, कडबा नाही. एक पाटी! सागवानी फळ्या जोडून केलेली, दोन गडी लागले उतरवायला.

"जावाई," मामाजी म्हणाले, "तुमची ती वीतभर पाटी कोनाले दिसते? पाटी अशी पाह्यजे का मानसानं एसटीतून वाचली पाह्यजे, आन् तिथंच उतरलं पाह्यजे!"

पाटी रंगवली होती गावच्या दमण्या, म्हणजे बैलांचे छकडे, रंगवणाऱ्या पेंटरनं. वर लाल अक्षरांत माझं नाव, 'वानखडे वकील, बी.ए., एलएल.बी.' त्याखाली 'दिवाणी, फौजदारी, धुऱ्याचे भांडण, फारकत, मारामारी.' त्याखाली 'सल्ला तात्काळ. अपयश नाही.' डाव्या हाताला तराजू. उजव्या हाताला सिंह.

"मामाजी, सिंह कशाला?"

"समोरच्या वकिलाले दिसाले!"

आता सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? पाटी लागली. घराच्या दारापेक्षा पाटी रुंद. खरंच सांगतो, लोक एसटीतून वाचायचे. उतरायचं मात्र कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो तर बार रूममध्ये काझीसाहेब बसलेले. काझीसाहेब म्हणजे आमच्या वकील संघाचे अध्यक्ष, सगळ्यांत जुने वकील. या माणसानं त्याच एका खुर्चीत बसून चार राज्यांत वकिली केली होती. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. सरकारं बदलत गेली, खुर्चीचा फक्त वेत बदलला.

"वानखडे," ते म्हणाले, "ते तुह्या घरापुढं काय लागलं बे? मी समजलो गावात टुरिंग टॉकीज आली!"

सगळे हसले. मीही हसलो. पण काझीसाहेब हसेनात.

"मजाक नाही करून राह्यलो. वकिलानं जाहिरात करायची नसते, हे तुले नागपूरले शिकवलं नाही का? आन् आता कायदा नवा आहे. आता वकिलांचीच बार कौन्सिल. आपनच मानसं निवडून द्यायची, त्यायनंच सनद द्यायची, आन् कोनी गैरवर्तन केलं तं शिस्त समिती बसवून त्यायनंच सनद काढून घ्यायची. समजलं का?"

तुम्ही सांगा, एवढ्या मोठ्या भाषणातलं मी काय ऐकलं असेल? 'निवडून द्यायची' ऐकलं? नाही. 'सनद द्यायची' ऐकलं? नाही. माझ्या कानात एकच राहिलं, 'काढून घ्यायची.'

"आनि वरून 'अपयश नाही'!" काझीसाहेब पुढे म्हणाले. "तुह्या पहिल्या दोन केसा तं तू माह्यासमोरच हारला."

घरी आलो. बायकोला म्हटलं, "कमल, पाटी उतरवावी लागते."

"आन् बाबायले काय सांगाचं? पुढच्या बाजाराले येतीन ते."

झालं! एकीकडे बार कौन्सिल, एकीकडे मामाजी. खरं सांगायचं तर मला मामाजींची भीती जास्त. कौन्सिल नोटीस तरी देते, मामाजी सरळ हात उचलायचे. म्हणून मी मधला मार्ग काढला. पाटीवर घोंगडं टाकलं. लोक विचारायचे, "वकीलसाहेब, घोंगडं काऊन?" मी म्हणायचो, "उन्हानं रंग उडते."

असे दिवस जात होते. मग एका शनिवारी संध्याकाळी मी स्टँडवर उभा होतो, तर आमच्यातलेच एक वकील बुलडाण्याच्या गाडीत चढताना दिसले. पायरीवर एक पाय, हातात पिशवी, मागून लोक ढकलतायत. मला बघून ओरडले, "वानखडे, उद्या घरीच राह्यजा! नागपूरचे भालेराव वकील येऊन राह्यले, बार कौन्सिलचं काम आहे! सगळ्यायच्या घरोघर जानार हायेत!"

"कशासाठी?" मी ओरडलो.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

कशासाठी, हे काय विचारायची गोष्ट आहे? घरोघर, म्हणजे तपासणी! बार कौन्सिल, म्हणजे शिस्त समिती! आणि मेहकरात शिस्तीबाहेर काय आहे? माझ्या दाराची पाटी!

मी घरी पळत आलो. मामाजी गेले चुलीत. मी आणि कमलनं मिळून पाटी उतरवली. ती दारातून आत जाईना. उभी केली, आडवी केली, तिरपी केली. शेवटी घराला वळसा घालून मागच्या अंगणात नेली आणि न्हाणीला आडोसा म्हणून लावून दिली, सिंह आतल्या बाजूला. कमल म्हणाली, "आता मी आंघोळ करू का सिंहाले भिऊ?"

पण माझं लक्ष कुठे होतं? मला दुसरीच धास्ती. समजा त्या माणसानं उभ्या उभ्या सनदच मागितली आणि घेऊन गेला तर? मी भिंतीवरची सनद काढली, फडक्यात गुंडाळली आणि ज्वारीच्या कणगीत पार खाली खुपसली. कोपरापर्यंत हात ज्वारीत! वकील मंडळी, तुमच्यापैकी कोणी सनद कणगीत ठेवली आहे का? नाही ना? मग गप्प बसा.

रविवारी सकाळी मी दाढी केली नव्हती. अंगात बंडी, कमरेला धोतर, हातात खराटा. पाटीच्या खुंट्या काढल्याने भिंतीचा पोपडा पडला होता, तो झाडत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. काळा कोट, कपाळावर बुक्का, हातात शेगावच्या प्रसादाची पुडी. वाटेत दर्शन करून आले असणार. मनात म्हटलं, बघा, किती तयारीचा माणूस! देवाला विचारून निघाला आहे!

"नमस्कार," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "मी भालेराव, नागपूरहून आलो. बार कौन्सिलच्या संदर्भात. वानखडे वकील इथंच राहतात ना?"

माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे?

"कोन वकील? इथं कोनी वकील-गिकील राहत नाही!"

आता एकदा तोंडातून गेलं ते गेलं. भालेराव भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर नुकतीच पाटी काढलेली, चुन्याचा लांबरुंद पांढराशुभ्र चौकोन!

"पण स्टँडवर तर सगळ्यांनी हेच घर दाखवलं."

"राहत होते. गेले इथून."

"कुठे?"

"बुलडाण्याले. वकिली सोडून देल्ली त्यायनं."

भालेरावांचा चेहरा पडला. "अरेरे! म्हणजे एक कमी झाला."

बघा बघा! एक कमी झाला म्हणे! माझ्या पायाखालची जमीन हलली. म्हणजे हा माणूस मोजून शिकार करायला निघाला आहे!

"मेहकरातले बाकी सगळे आले माझ्या हातात," भालेराव पुढे म्हणाले. "वानखडे तेवढे राहिले होते. काझीसाहेबांनी त्यांचं नाव तर खास सांगितलं होतं मला."

काझीसाहेब! तुम्हीसुद्धा? ज्या माणसाच्या खुर्चीला मी रोज नमस्कार करत होतो, त्यानंच माझं नाव खास दिलं!

"आणि आपण कोण?" भालेरावांनी विचारलं.

"मी? मी त्यायचा भाऊ. शेती करतो."

"मग त्यांचा बुलडाण्याचा पत्ता द्या की. तिथं आमची माणसं आहेत. सोडली असेल वकिली, पण नाव अजून यादीत आहे. आम्ही गाठू त्यांना."

"पत्ता न्हाई," मी म्हटलं. "आमचं बोलनं बंद हाये."

भालेरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावाभावांत असं होऊ नये हो." त्यांनी प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेले. मी तिथंच खराटा धरून उभा. प्रसाद खाऊ का नको, काही कळेना. खोटं बोलून मिळवलेला प्रसाद. शेवटी खाल्ला. काय करता, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पडद्याआडून कमल बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्यायच्याशी खोटं काऊन बोलले?"

"काऊन म्हंजे? सनद वाचवली!"

"वाचवली का सोडली?" कमल म्हणाली आणि ज्वारी पाखडायला बसली.

मला तिचा मुद्दा तेव्हा कळला नाही. सोमवारी कळला.

सोमवारी माझी केस होती. माझा पक्षकार नामदेव शेळके. त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक आंब्याचं झाड. नामदेव म्हणे झाड माझं, शेजारचा गणपत म्हणे माझं. पुरावा दोघांकडेही काही नाही. फक्त नामदेवच्या घरी दरसाल त्या झाडाचे आंबे येतात, एवढी एक गोष्ट आमच्या बाजूची. गणपतच्या बाजूनं वकील कोण? काझीसाहेब! आणि जज्जसाहेब साताऱ्याकडून नुकतेच बदलून आलेले. धुरा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगण्यातच मागची एक तारीख गेली होती. मी त्यांच्यासमोर दुसऱ्यांदाच उभा राहत होतो.

गणपत साक्षीच्या पिंजऱ्यात होता आणि त्याची उलटतपासणी मला करायची होती. मी घरून प्रश्न पाठ करून आलो होतो. गणपतकडून एवढंच वदवायचं, की नामदेव दरसाल त्या झाडाचे आंबे खातो. बस्स, आणि खाली बसायचं. नामदेव मागे बाकावर पागोटं सावरून बसला होता. बायकापोरांना सांगून आला होता, आज झाड आपलं होते म्हणून.

"गणपतराव," मी जोरात सुरुवात केली, "या झाडाचे आंबे दरसाल नामदेवच्या घरी जातात. हो का नाही?"

"हाव, जातेत."

वा! कोर्टात लेखणी चालली. नामदेव मागं हसला. मी आता खाली बसायचं. इतकंच. पण तेवढ्यात दार उघडलं, आणि भालेराव आत आले.

ते आले ते सरळ काझीसाहेबांच्या मागच्या खुर्चीत बसले. त्यांची नजर माझ्यावर. मी दाढी केली होती, काळा कोट होता, गळ्याला वकिलाचे पांढरे बंद होते. तरी ते निरखून बघायला लागले. मी केसचे कागद तोंडासमोर धरले.

"वकीलसाहेब," जज्जसाहेब म्हणाले, "प्रश्न संपले का?"

संपले होते हो! पण तोंड लपवायचं तर काहीतरी बोलत राहायला हवं ना? कागदाच्या मागून मी बोललो. काय बोललो? जो प्रश्न जगात कोणत्याही वकिलानं विचारू नये, तो विचारला.

"बरं मंग, नामदेवच्या घरी आंबे कायले जातात?"

गणपत जणू या प्रश्नाची वाटच बघत होता. "साहेब, झाड माह्या आज्यानं लावलं. उन्हायात याच्या आज्यानं त्याले पानी घातलं होतं. तवापासून आमी दरसाल दोन टोपले आंबे यायच्या घरी धाडतो. उपकार इसरू नये म्हनून. इचारा याले, दरसाल आमचाच पोरगा नेऊन देते का नाई!"

काझीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. माणूस तृप्त झाला की असेच डोळे मिटतो. मागून नामदेवचा एकच शब्द ऐकू आला, तो सांगण्यासारखा नाही.

आणि याच घटकेला भालेराव उठून उभे राहिले.

"साहेब, कामात व्यत्यय आणतो, माफी असावी. मी नागपूरचा वकील भालेराव. न्यायालयाच्या नजरेस आणणं माझं कर्तव्य आहे. हे जे काळा कोट घालून उभे आहेत, हे वकील नाहीत."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"हे शेतकरी आहेत. यांचे भाऊ वकील होते, त्यांनी वकिली सोडली. काल यांनी स्वतः मला तसं सांगितलं. आज भावाचा कोट घालून उभे राहिलेले दिसतात."

घाम म्हणजे काय असतो, ते मला त्या दिवशी समजलं. जज्जसाहेब माझ्याकडे वळले. "काल तुम्ही यांना असं सांगितलं?"

"सांगितलं, साहेब. पण..."

"तुमच्याजवळ सनद आहे?"

"आहे, साहेब."

"कुठे आहे?"

आता काय सांगणार? कोर्टात खोटं बोलायचं नाही, एवढं तरी मी नागपूरला शिकलो होतो.

"ज्वारीच्या कणगीत, साहेब."

कोर्टात जो हशा पिकला! शिपाई 'खामोश' ओरडायचं सोडून स्वतःच भिंतीला टेकून हसत होता. फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक भालेराव आणि दुसरे जज्जसाहेब.

"सनद कणगीत का?"

मग मी सगळं सांगितलं. पाटी सांगितली, मामाजी सांगितले, सिंह सांगितला. "साहेब, पाटी फार मोठी होती."

"केवढी?"

मी हात पसरले. पुरेनात. काझीसाहेबांनी बसल्या जागेवरून आपला एक हात लांब करून मला मदत केली.

"मला वाटलं, हे शिस्त समितीकडून पाटी तपासायला आले आहेत. सनद जाईल म्हणून मी... म्हणून मी वकील नाही असं सांगितलं."

भालेराव माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले.

"अहो वानखडे, मी कौन्सिलच्या निवडणुकीला उभा आहे! मी तुमचं मत मागायला आलो होतो!"

आता सांगा, धरणीमाय पोटात घेते म्हणतात ती कुठे असते? मेहकरच्या कोर्टात तरी नव्हती. फरशीच होती.

"आणि पाटीचं म्हणाल," भालेराव जरा निवळून म्हणाले, "ती लहान करा म्हणजे झालं. वडीलधाऱ्या वकिलानं कानात सांगण्याइतकी गोष्ट. त्यासाठी कोणी नागपूरहून येतं होय?"

पण जज्जसाहेब नवे आणि नियमाचे पक्के. त्यांनी काझीसाहेबांना विचारलं, "आपण इथल्या वकील संघाचे अध्यक्ष. आपणच सांगा. हे गृहस्थ वकील आहेत का?"

काझीसाहेब सावकाश उठले. माझ्याकडे पाहिलं. साक्षीच्या पिंजऱ्यातल्या गणपतकडे पाहिलं. दोन टोपले आंब्यांचं उत्तर अजून हवेत तरंगत होतं.

"हुजूर," ते म्हणाले, "यांच्याकडे सनद आहे, एवढं मी शपथेवर सांगतो. त्याच्या पुढचं विचारू नये."

जज्जसाहेबांच्या ओठाचा कोपरा पहिल्यांदा हलला. "पुरे आहे. उद्या सनद कणगीतून काढून कोर्टाला दाखवा. काम पुढे चालू."

मी सुटलो! सनद वाचली, इज्जत गेली, पण सनद वाचली. मी कपाळ पुसलं आणि खाली बसणार, तोच मागच्या बाकावरून नामदेव उठला. पागोटं काढून हातात घेतलं, हात जोडले आणि सरळ जज्जसाहेबांपुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, मले एक इनंती कराची हाये."

"बोला."

"हे जर वकील नसतीन," नामदेवनं माझ्याकडे बोट केलं, "तं यायनं आत्ता गणपतले जो सवाल इचारला, तो धरू नका. तो कोनी रस्त्यानं जानाऱ्या मानसानं इचारला असं समजा. माह्यं झाड वाचते, साहेब!"

"शेळके, ते वकील आहेत. आत्ताच सिद्ध झालं."

नामदेवनं काझीसाहेबांकडे पाहिलं. भालेरावांकडे पाहिलं. मोठ्या आशेनं पाहिलं हो, मला बघवेना.

"काल तं नव्हते म्हनतेत ना?"

"काल होते, आजही आहेत."

"पक्कं?"

"पक्कं."

नामदेवनं पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं, माझ्या अंगावरचा काळा कोट खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहिला आणि बाकावर जाऊन बसला.

"मंग हारलो," तो म्हणाला.